हायड्रोतलं श्रीखंड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मग मधेमधे थांबावं लागणार नाही. हा किस्सा मी आजवर स्वतःहून कुणाला सांगितलेला नाही. लोकच मला सांगतात, आणि तोही माझ्याच घरात बसून, माझाच चहा पीत! म्हटलं, एकदा मीच सांगून टाकावा. निदान आकडे तरी बरोबर येतील.

आकड्यांचंच तर सगळं झालं ना!

तर, नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा सुरतेत भेस्तानला राहायचो. मी एका गुजराती माध्यमाच्या शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो. मूळचा धुळ्याकडचा, पण अकरा वर्षं गुजरातीत शिकवून माझी अशी गत झाली होती की स्वप्नातसुद्धा न्यूटन माझ्याशी गुजरातीत बोलायचा. घरात मी, बायको शुभा आणि धाकटी बहीण नंदा. आई-वडील दोघंही गेलेले, त्यामुळे नंदाचं लग्न ही माझी जबाबदारी. तीन ठिकाणी बोलणी फिसकटली होती. चौथं स्थळ नंदुरबारचं. मुलगा सतीश, टेलिफोन खात्यात. पाहण्याचा कार्यक्रम नंदुरबारलाच मावशीकडे झाला. मी बोर्डाचे पेपर तपासण्यात अडकलेलो, म्हणून शुभाच नंदाला घेऊन गेली. म्हणजे त्या मंडळींनी मला पाहिलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा हं, याच्यावरून पुढे रामायण आहे.

मुलगा पसंत, मुलगी पसंत. पण त्यांच्या घरात शब्द चालायचा तो मुलाच्या काकांचा. अप्पाकाका. हे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना सगळं चालत होतं, एक गोष्ट सोडून. खोटं बोलणं. कारण सतीशच्या मोठ्या बहिणीच्या वेळी यांना 'मुलगा बँकेत असतो' असं सांगितलेलं. मुलगा खरंच बँकेत असायचा. बँकेच्या दारात त्याची पानाची टपरी होती! टपरीचं त्यांना काही नव्हतं, पण फसवल्याचं फार लागलं होतं. तेव्हापासून काका माणसाच्या नावापासून चौकशी सुरू करायचे.

आणि आमच्या शुभाने तिथे काय सांगून यावं? एक, 'आमचे हे फिजिक्स शिकवतात.' दोन, 'श्रीखंड आमच्याकडे घरीच होतं, विकतचं आम्ही तोंडातसुद्धा घालत नाही.'

काका खूश! म्हणाले, "मग ठरलं. साखरपुडा सुरतेत, तुमच्या घरी, आणि जेवायला घरचं श्रीखंड."

रविवार ठरला. शुक्रवारी संध्याकाळी बारा किलो दूध विरजायला लावलं. शनिवारी दही फडक्यात बांधून टांगायचं, रविवारी सकाळी चक्का तयार. वेळापत्रक कसं, अगदी शाळेसारखं आखलेलं.

शनिवारी सकाळी सात वाजता शेजारच्या कोकिलाबेन धावत आल्या. आख्ख्या गल्लीत फोन त्यांच्याचकडे, त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक बातमी आधी त्यांना कळायची आणि मग आम्हाला.

"सर, नंदुरबारथी फोन हतो! मेहमान आजे आवे छे! स्टेशन परथी फोन कर्यो, गाडीमां बेसे छे!"

"आज? अहो, उद्याचं ठरलंय!"

"काले अमास छे. दादाए पंचांगमां खोटुं पानुं जोयुं हतुं."

घ्या! उद्या म्हणे अमावस्या! मुलाच्या आजोबांनी पंचांगाचं भलतंच पान पाहिलेलं, आणि आता मुहूर्त आजचा, दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा. मंडळी अकरा-साडेअकरापर्यंत घरी येणार. आणि आमचं दही भांड्यात थुलथुलतंय!

शुभाने डोक्याला हात लावला. "दही टांगून दहा तास तरी जातात हो. आता बासुंदी करू का? नाहीतर सरळ मोहनथाळ आणा. मी काकांना समजावून सांगते."

आता इथे माणसाने काय म्हणावं? 'बरं' म्हणावं. एवढंच! दोन अक्षरं! पण मी काय म्हणालो माहीत आहे?

"दहा तास कशाला? दही टांगल्यावर पाणी का गळतं? गुरुत्वाकर्षणामुळे. ते जर वाढवलं तर?"

"गुरुत्वाकर्षण वाढवणार? तुम्ही?"

"वाढवता येतं! वस्तू गोल फिरवली की झालं."

नंदा आतून बाहेर आली. हातात तिच्या नव्या साडीचा ब्लाउज, अर्धवट इस्त्री केलेला. ती फार बोलणारी मुलगी नाही. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दादा, हे स्थळ मला मनापासून आवडलंय. तू यात प्रयोग करू नकोस."

खरं सांगतो, हे ऐकून तर मला जास्तच चेव आला. बहिणीच्या साखरपुड्यात विकतचा मोहनथाळ? फिजिक्स शिकवणारा भाऊ जिवंत असताना?

तेवढ्यात मागच्या गल्लीतले सुकदेवभाऊ सायकल घेऊन कामाला निघालेले दिसले. सुकदेवभाऊ आमच्या अमळनेरकडचे. सुरतेजवळ सचिन नावाचं गिरण्यांचं गाव आहे, तिथल्या एका डाईंग मिलमध्ये हायड्रो चालवायचे. हायड्रो म्हणजे काय, तर साड्या रंगवून-धुवून झाल्या की त्यांच्यातलं पाणी काढायचं मशीन. भलंमोठं भोकाभोकांचं स्टीलचं टोपलं, ते गरागरा फिरतं, पाणी भोकांतून बाहेर, साडी आत. आलं ना लक्षात माझ्या डोक्यात काय आलं ते?

"सुकदेवभाऊ, तुमचं हायड्रो मिनिटाला किती फेरे मारतं?"

"हजार, सर."

"आणि टोपलं केवढं रुंद?"

"चार फूट व्हई. काब्र, कशाले पाह्यजे?"

मी वीजबिल उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. गोल फिरणाऱ्या वस्तूला आत ओढणारं बल लागतं. वस्तुमान, कोनीय वेग आणि त्रिज्या, तिन्हीवर ते ठरतं. हे सूत्र मी वर्षाला तीनशे पोरांना शिकवायचो. मिनिटाला हजार फेरे म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा, त्याला दोन पायने गुणलं की एकशे पाच. हा कोनीय वेग, आमचा ओमेगा. त्रिज्या दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर. एकशे पाचला शून्य पूर्णांक सहाने गुणलं, आले त्रेसष्ट. गुरुत्व दहा धरा. म्हणजे नेहमीच्या सहा पूर्णांक तीन पट! खुंटीला टांगून सहाशे मिनिटं लागतात, तर हायड्रोत लागतील सहाशे भागिले सहा पूर्णांक तीन, म्हणजे बरोब्बर पंच्याण्णव मिनिटं.

"पंच्याण्णव मिनिटांत चक्का!" मी बिल शुभाच्या नाकासमोर नाचवलं.

"आणि ते साड्यांचं मशीन?"

"स्वच्छ धुऊन घेऊ की!"

ती काहीच बोलली नाही. बायको काहीच बोलत नाही तेव्हा माणसाने थांबावं, हे मला कळायला अजून दहा वर्षं लागली.

दह्याच्या दोन मोठ्या बरण्या स्कूटरवर पायांशी ठेवल्या, शुभाकडून चार नवी मलमलची फडकी घेतली आणि सचिनला निघालो. सुकदेवभाऊ मागच्या सीटवर. सायकल त्यांनी आमच्या दारातच लावली. ते बिचारे वाटभर एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणत होते, "दही? हायड्रोमा?"

मिलच्या सुपरवायझरची मुलगी माझ्याकडे ट्यूशनला यायची, त्यामुळे तिथे आपली वट. तो म्हणाला, "करो ने सर, पण शेठ अगियार वागे आवे छे, ए पहेलां पतावजो." झालं! अकराला शेठ यायच्या आत आटपलं की रस्ता मोकळा.

सुकदेवभाऊंनी हायड्रोचं झाकण उघडलं. टोपल्याच्या कडांना गुलाबी ओघळ.

"सर, रातपाळीमा रानी कलरना माल काढेल शे. धोई टाकसू, पन भोकस्मा रंग ऱ्हास."

"राहू दे. सुकदेवभाऊ, नीट विचार करा. फिरताना सगळं कुठे जातं? बाहेर! मग रंग आत येईल कसा?"

आहे की नाही बिनतोड? सुकदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाच-सहा बादल्या पाणी मारलं. मग दह्याच्या दोन पोटल्या बांधल्या. मी दोन्ही एकाच बाजूला ठेवायला निघालो, तर त्यांनी हात धरला.

"समोरासमोर ठेवा सर. दोन्ही बाजूले सारखं वजन पाह्यजे, नहीतं मशीन नाचस."

"मला माहीत आहे हो ते," मी म्हणालो. माहीत होतंच. पण त्यांनी सांगेपर्यंत आठवलं नव्हतं.

झाकण बंद, बटण दाबलं, टोपलं घुमायला लागलं. आणि मी काय केलं असेल? शिकवायला लागलो! अहो, चालू मशीन आणि समोर उभा माणूस, एवढं मिळाल्यावर मास्तर गप्प बसतो होय?

"लोकांना वाटतं पाण्याला कुणीतरी बाहेर ढकलतं. साफ चूक! पाण्याला सरळच जायचं असतं. दह्याला टोपलं अडवतं, आत रेटतं, म्हणून ते बिचारं गोल फिरतं. पाण्याला भोक सापडतं, ते स्पर्शिकेने सुटतं, सरळ रेषेत. बाहेर ढकलणारं बल वगैरे काही नसतंच. परीक्षेत कुणी तसं लिहिलं तर मी शून्य देतो."

"हां सर," सुकदेवभाऊ म्हणाले. त्यांचं लक्ष मशीनखालच्या नळीकडे होतं. दह्याचं पाणी भसाभसा येत होतं, आणि दोनेक मिनिटांत ते थांबलंसुद्धा.

"सर, पानी बंद व्हई गयं. म्हंजे माल तयार. काढूत का आते?"

"छे छे! अजून त्र्याण्णव मिनिटं बाकी आहेत."

"पन सर, पानीच नही येत. आम्ही तं हाईच पाहतस."

"सुकदेवभाऊ," मी वीजबिल खिशातून काढून दाखवलं, "तुम्ही नळीकडे बघून चालता, मी सूत्रावर चालतो."

चौदा वर्षं ते मशीन चालवणाऱ्या माणसाला मी हे म्हणालो! आठवलं की आजही कानांच्या पाळ्या गरम होतात.

तासभर मी घड्याळ बघत उभा. नळीतून थेंब नाही. मला शंका आली की नळीच तुंबली असावी. वाकलो आणि हाताच्या तळव्याने नळीवर दोन फटके दिले. कुठल्या तरी बेचक्यात अडकलेलं धुण्याचं पाणी भस्सकन बाहेर आलं. रानी कलर! शर्टावर, गळ्यावर, एका कानात! पांढरा शर्ट, साखरपुड्यासाठी मुद्दाम शिवलेला.

सुकदेवभाऊंनी खुंटीवरचा त्यांचा जादा खाकी शर्ट काढून दिला. खिशावर लाल दोऱ्याने मिलचं नाव विणलेलं. माझा शर्ट तिथेच बादलीत भिजत टाकला.

अखेर पंच्याण्णव मिनिटं भरली. मशीन थांबलं. मी झाकण उघडलं आणि आत डोकावलो.

पोटल्या कुठे आहेत?

पोटल्या नव्हत्याच! दह्याच्या दोन लाद्या झाल्या होत्या, टोपल्याच्या भिंतीला घट्ट चिकटलेल्या. बोटाने दाबलं तर बोट दुखलं. सुकदेवभाऊंनी लोखंडी पट्टी आणली. आम्ही दोघांनी मिळून अर्धा तास खरवडून त्या सुट्या केल्या. बाकदार, टणक, दीड बोट जाड. घरावर घालतात ती कौलं पाहिलीत ना? तशीच! आणि फडकी फाडून टोपल्याच्या प्रत्येक भोकातून दही थोडंथोडं बाहेर आलेलं, त्यामुळे बाहेरच्या बाजूला शेकडो बारीक बोंडं, एका रांगेत, आणि प्रत्येक बोंडाचं टोक झकास गुलाबी!

"सर," सुकदेवभाऊ हळूच म्हणाले, "हाई खाऊ नका बरं का. केमिकलना रंग शे."

म्हणजे गुलाबी श्रीखंड म्हणून खपवायची माझ्या मनात नुकतीच आलेली कल्पनासुद्धा बारगळली. दोन्ही कौलं उरलेल्या फडक्यांत गुंडाळली. सुकदेवभाऊ म्हणाले, "चला, मी बी येस. सायकल तुम्हना घर शे." सुपरवायझरने तासभराची सुट्टी दिली. बहुधा माझा चेहरा बघूनच दिली असावी.

आता इकडे घरी काय झालं ते ऐका.

मंडळी अकरा वाजताच हजर. काका, सतीश, आणखी चौघं. काका पाणी प्यायले आणि पहिलाच प्रश्न, "मास्तर कुठे आहेत?"

शुभा काय सांगणार? तुमचं श्रीखंड साड्यांच्या मशीनमध्ये फिरतंय, हे सांगणार? ती म्हणाली, "ते जरा... कामावर गेलेत."

"शाळेत?"

"नाही, सचिनला. येतीलच."

"सचिन म्हणजे गिरण्यांचा भाग ना? तिथे कुठली शाळा?"

शुभा पाण्याचे पेले गोळा करायला लागली. आणि मदतीला कोण धावून आलं? कोकिलाबेन! पाहुण्यांसाठी चहा घेऊन आलेल्या त्या माउलीने पाहुण्यांना समजावं म्हणून खास हिंदीत सांगितलं, "सर तो मिल में गये हैं. हायड्रो चलाने. सुकदेवभाई के साथ."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

हे सगळं मला शुभाने नंतर सांगितलं. मी दारात पोचलो तेव्हा एवढंच दिसलं की सहा माणसं एकदम माझ्याकडे बघताहेत. आणि त्यांना काय दिसलं? खाकी शर्ट, खिशावर मिलचं नाव, एक कान गुलाबी, आणि बरोबर तसाच खाकी शर्ट घातलेला दुसरा माणूस!

"या," काका म्हणाले. "पाळी सुटली वाटतं?"

"नमस्कार काका. मी नंदाचा भाऊ."

"ते कळलं. हे बघा, ऑपरेटर असण्यात काही वाईट नाही. माझा सख्खा भाचा इथेच लूमवर आहे, हिऱ्यासारखा मुलगा. तुम्ही तसं सांगितलं असतं तर मी आनंदाने आलो असतो. पण फिजिक्सचे मास्तर म्हणून सांगायचं? आम्ही एकदा फसलोय. आता नाही."

"अहो काका, मी खरंच फिजिक्स शिकवतो! ही बघा पुस्तकं!"

"पुस्तकं रद्दीतही मिळतात."

"सर्टिफिकेट दाखवतो!" मी कपाटाकडे धावलो. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. आणि शर्ट? सचिनला, बादलीत!

सतीश चुळबुळत म्हणाला, "काका, जाऊ द्या ना." काकांनी नुसता हात वर केला. मग मला म्हणाले, "मी स्वतः छत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय. सोपा प्रश्न विचारतो. अभिकेंद्री बलाचं सूत्र सांगा."

माझा जीव भांड्यात पडला! दुसरं काहीही विचारलं असतं तर घाबरल्यामुळे त त प प झालं असतं. पण हे? हे तर मी सकाळपासून खिशात घेऊन फिरत होतो!

"सांगतो कशाला, दाखवतोच!" मी पँटच्या खिशातून वीजबिल काढलं आणि रुबाबात त्यांच्या हातात दिलं. "आज सकाळीच गणित केलंय. केन्द्रगामी बळ... म्हणजे अभिकेंद्री. आम्ही गुजरातीत शिकवतो ना!"

काकांनी चष्मा लावला. बिल वाचलं. उलटून मागची बाजू वाचली, पुन्हा उलटलं.

"ओमेगाचा वर्ग कुठे आहे?"

"हो, वर्ग..." मी वाकून पाहिलं.

वर्ग नव्हता.

एकशे पाचला शून्य पूर्णांक सहाने गुणलं होतं. एकशे पाचचा वर्ग करून मग गुणायचं असतं! अकरा हजार पंचवीस! गुरुत्वाच्या सहापट नव्हे, साडेसहाशे पट! जे काम एका मिनिटात झालं असतं ते मी पंच्याण्णव मिनिटं चालवलं होतं. हा मी! वर्ग विसरणाऱ्याला लाल शाईने गोल करून 'गधेडा' लिहिणारा!

"फिजिक्सचा मास्तर," काका शांतपणे म्हणाले, "आणि ओमेगाचा वर्ग विसरेल?"

दुसरा कुणी असता तर मीही हेच म्हणालो असतो. काका उठले. त्यांच्याबरोबरची माणसं उठली. नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, साखरपुड्याची साडी नेसून, हातात पोह्यांचा ट्रे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रेमधल्या चमच्यांकडे बघत राहिली. मला त्या क्षणी वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. तिने सकाळी एकच गोष्ट मागितली होती, आणि मला तेवढीही देता आली नव्हती.

तेव्हा उंबऱ्यात बसलेले सुकदेवभाऊ उठून उभे राहिले.

"काका, मी बोलू का?"

"तुम्ही कोण?"

"मी हायड्रो ऑपरेटर. खरा. चौदा वरीस व्हयनात." त्यांनी हातातलं फडकं सोडलं आणि एक कौल काढून टीपॉयवर ठेवलं. टक्क असा आवाज आला. "हाई दही शे."

"काय आहे?"

"दही. श्रीखंड करानं व्हतं तुम्हनासाठे. सर म्हने, गरगर फिरावूत, म्हंजे लवकर चक्का व्हई. मी सांगं, भोकस्मा रंग शे. सर म्हने, रंग बाहेर जास, मझार येत नही. मी सांगं, पानी बंद व्हयनं, काढी ल्या. सर म्हने, कागदवर पंच्याण्णव मिनिट लिखेल शेत."

काकांनी ते कौल उचललं. गुलाबी बोंडांवरून बोट फिरवलं. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"काका, आमना मिलमा बारा ऑपरेटर शेतस," सुकदेवभाऊ अगदी कळवळून म्हणाले. "कोनी शाळा शिकेल नही. पन हायड्रोमा दही टाकी असा येडा आमनामा एकबी नही. हाऊ मानूस ऑपरेटर व्हऊच शकत नही. हाऊ मास्तरच शे!"

काकांनी एकदा कौलाकडे पाहिलं, एकदा वीजबिलाकडे, एकदा माझ्या गुलाबी कानाकडे. आणि मग त्यांच्या पोटापासून काहीतरी हलायला लागलं. आधी खांदे, मग मिशा, मग सगळेच काका! एवढे हसले, एवढे हसले की सतीशला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"पटलं!" डोळे पुसत ते म्हणाले. "मशीन समोर बंद करायला सांगतंय आणि हा कागद बघतोय! शंभर टक्के मास्तर! अहो, सर्टिफिकेट कशाला हवंय आता?"

सतीश हसला, शुभा हसली, आणि ट्रे खाली ठेवून नंदा हसली. तिला हसताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कानातला रंग झोंबतोय म्हणून सांगितलं.

साखरपुडा एक वाजून दहा मिनिटांनी वेळेवर झाला. गोड म्हणून कोकिलाबेननी दुकानातून मोहनथाळ आणला, आणि विकतचं तोंडात न घालणाऱ्या आम्ही तो दोन-दोनदा मागून घेतला. पण त्याआधी मला काकांनी फुकट सोडलं नाही. म्हणाले, "मुहूर्ताला अजून वीस मिनिटं आहेत. बसा तिकडे आणि वर्गासकट सूत्र पन्नास वेळा लिहून काढा." मला वाटलं, चेष्टा करताहेत. नव्हते करत! छत्तीस वर्षांची सवय. बसलो बापडा. मुहूर्त आला तेव्हा माझं सदतिसावं चालू होतं, आणि हातचं पुरं केल्याशिवाय उठायला काकांची परवानगी नव्हती.

त्यामुळे झालंय काय, की साखरपुड्याच्या फोटोत सगळे कसे छान कॅमेऱ्याकडे बघताहेत. सतीशच्या हातात अंगठी, नंदा लाजतेय, काका ताठ उभे. आणि अगदी कडेला खाकी शर्टातला एक माणूस मान खाली घालून काहीतरी लिहितोय.

नंदाचा अल्बम बघणारा हमखास विचारतो, "हा कोण गं?"

आणि ती साळसूद चेहऱ्याने सांगते, "हा ना? मिलमधला ऑपरेटर. दादा त्या दिवशी घरी नव्हता."

परवा ती माहेरी आली होती. कुणालातरी अल्बम दाखवताना हेच सांगत होती. योगायोगाने सुकदेवभाऊ आमच्याकडे चहाला बसलेले. आता रिटायर झालेत, हातात काठी आली आहे. त्यांनी ते ऐकलं, कप खाली ठेवला आणि नंदासमोर चक्क हात जोडले.

"ताई, चोर सांगा, डाकू सांगा, काहीबी सांगा. पन यास्ले ऑपरेटर म्हनू नका. आमना धंदानी बदनामी व्हस!"